संगणकखोलीत कायमचा जून

चिपळूणच्या त्या शाळेत वरच्या मजल्यावर संगणकांची खोली होती, आणि त्या खोलीत गेले साडेतीन महिने रोज वीस जूनच उजाडत होता. बाहेर श्रावण आला, गणपती आले नि गेले, वाशिष्ठीचं पाणी चढलं नि उतरलं; पण दहाही संगणकांच्या कोपऱ्यात तारीख तीच. नववीतल्या यज्ञेशचा जन्म नेमका वीस जूनचा. खोलीत शिरला की तो हात पुढे करायचा. "बाई, आज माझा वाढदिवस. गोळी द्या." सगळी पोरं हसायची. हेमाही हसायची, पण ते हसू तिच्या पोटातून काही यायचं नाही.

कारण तो जून तिनेच धरून ठेवला होता.

हेमा पोंक्षे त्या शाळेत मानधनावर संगणक शिकवायची. मानधन हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा ते घेऊन महिना काढायला लावला पाहिजे. तर आधीची दोन वर्षं तिने पोरांना टायपिंग शिकवलं. पोरं बोटं चालवायची आणि जांभया द्यायची. मग एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत तिला खेळ बनवायचं सॉफ्टवेअर सापडलं. खेळायचं नव्हे, बनवायचं. माणूस आपण काढायचा, त्याला चालायला आपण शिकवायचं, आणि तो धडपडला तर का धडपडला तेही आपणच शोधायचं. पोरं जी जागी झाली ती झालीच. मधल्या सुट्टीत डबा खायचा विसरू लागली. पोर डबा विसरतं तेव्हा काहीतरी मोठं घडतंय असं समजावं.

पण ते सॉफ्टवेअर होतं महिनाभर वापरून बघण्यापुरतं. पुढे वापरायचं तर परवाना विकत घ्या, आणि तोही दर संगणकामागे वेगळा. एका परवान्याची किंमत हेमाच्या सहा महिन्यांच्या मानधनाएवढी. दहांचा हिशेब करायची तिची छातीच झाली नाही. फुकटातलंही काही कुठे मिळत असेल, पण ते इंटरनेटवरून उतरवून घ्यायला शाळेच्या टेलिफोनच्या तारेला आठवडा लागला असता, आणि तेवढ्यात बिल बघून मुख्याध्यापकांनी तार कापली असती.

तेव्हा हेमाने एक युक्ती केली. ते सॉफ्टवेअर उघडताना संगणकाची तारीख बघत असे, आणि महिना सरला की नाही ते ठरवत असे. मग तारीखच पुढे सरकू दिली नाही तर? ती रोज सगळ्यांच्या आधी यायची, एकेक संगणक चालू करायची आणि दहाही ठिकाणी तारीख मागे नेऊन वीस जून करायची. मग दिवसभर खेळ चालायचे. फक्त एक मेख होती. एकदा जरी ते खऱ्या तारखेला उघडलं, तर त्या संगणकावर त्याला कुलूप लागणार होतं. मग तारीख मागे घ्या नाहीतर देव पाण्यात घाला, ते उघडणार नव्हतं.

चोरीच ती. हेमाला ते ठाऊक होतं. पण पोरांच्या चेहऱ्याकडे बघितलं की तिला वाटायचं, एवढी चोरी देवही पोटात घालील. देवाच्या पोटात काय काय घालायचं हे माणसं फार लवकर ठरवतात.

चोरीपेक्षा जड झालं ते खोटं बोलणं. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ऋजुताने विचारलं होतं, "बाई, इथे अजून जून कसा?"

ऋजुता अशी पोर की तिला उत्तर दिलं की ती ते घरी नेऊन दोनदा तपासणार. हेमाच्या तोंडून निघून गेलं, "आतली बॅटरी गेल्येय गं. तारीख राहत नाही."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. एकदमच घेतलेले ना."

ऋजुताने मान डोलावली आणि ती आपल्या खेळाकडे वळली. तिचा खेळ पुराचा होता. गेल्या वर्षी नदी बाजारपेठेत घुसली तेव्हा तिच्या घरात छातीभर पाणी होतं. सामान माळ्यावर चढवता चढवता मांजर खालीच राहिलं, आणि नंतर ते मिळालं नाही. तिच्या खेळात पाणी पायरी पायरीने चढायचं आणि एक मुलगी एकेक वस्तू उचलून माळ्यावर न्यायची. पाटा, देव, दप्तर. आणि शेवटी मांजर. तीन महिने ती पोर त्या मांजरावर काम करत होती. ते शेपटी हलवायचं, घाबरून कोपऱ्यात बसायचं, आणि हाक मारली की यायचं.

आता हे सगळं बिनबोभाट चाललं असतं, पण शाळेच्या संस्थेचे चिटणीस भास्करकाका बिवलकर एक दिवस खोलीत डोकावले आणि यज्ञेशचा खेळ बघून त्यांची टोपीच हलली. यज्ञेशच्या खेळात माकडं बागेत घुसायची आणि एक टोपीवाले आजोबा गलोल घेऊन त्यांच्यामागे धावायचे. "हा मीच की रे मेल्या!" काका म्हणाले, आणि खुशीत खाली गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी लोट्याच्या एका रासायनिक कंपनीतल्या खानविलकर साहेबांना गाठलं. कंपनी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेला मदत करायची. काका म्हणाले, यंदा आमच्याकडे या, दसऱ्याला पाटीपूजन असतं, पोरांचे खेळ बघा आणि मग आमच्या संगणकखोलीसाठी काय करता येईल ते ठरवा.

हेमाने ते ऐकलं आणि तिला पहिल्यांदा वाटलं की यातून सुटायला वाट आहे. साहेबांना खेळ आवडले, कंपनीने परवाने घेऊन दिले, की जून संपला. कुणाला काही कळायचं कारण नाही. तोवर फक्त दसऱ्याचा दिवस निभावला पाहिजे.

त्या साली, म्हणजे दोन हजार सहा साली, दसरा नेमका दोन ऑक्टोबरला, गांधीजयंतीलाच आला होता. खोटं बोलणाऱ्याने त्या दिवशी निदान पंचांग तरी बघायचं.

हेमा नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी निघाली. जिना चढताना तिला उदबत्तीचा वास आला आणि तिचे पाय थबकले. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत भास्करकाका सोवळं नेसून उभे होते. फरशी पुसलेली, दहाही संगणकांना झेंडूच्या माळा, प्रत्येकाच्या माथ्यावर हळदकुंकू. आणि दहाही पडदे चालू.

"या हेमाबाई, या!" काकांचा चेहरा नुसता फुलला होता. "म्हटलं, यंत्र झोपलेलं असताना कसली पूजा? जागं असलं पाहिजे. मीच चालू केले. शिकलो की नाही?"

हेमाची नजर पहिल्या पडद्याच्या कोपऱ्यात गेली. दोन ऑक्टोबर. दुसऱ्याच्या. दोन ऑक्टोबर. तिने तिसरा बघितला नाही.

"काका, तारीख..."

"बघितलीत ना? बघितलीत!" काकांनी टाळी वाजवली. "तेच तर. मला ऋजुता म्हणाली, काका, सगळ्यांची बॅटरी गेल्येय, तारीख राहत नाही, बाई रोज लवकर येऊन त्यांच्याशी झटत बसतात. मला रात्रभर ते मनाला लागून राहिलं हो. एवढीशी गोष्ट, आणि बाई रोज राबतात. काल बाजारातल्या घड्याळवाल्या केरूला घेऊन आलो. रुपयाएवढे चपटे सेल असतात. दहाही नवे घातलेन त्याने. तारखाही लावून दिलेन. आता जन्मात हात लावायला नको. दसऱ्याची माझ्याकडून भेट समजा."

काकांना तिथीचं फार. एकादशी एक दिवस इकडची तिकडे झाली तर त्यांना जेवण जात नसे. अशा माणसाच्या हातात चुकीची तारीख सापडल्यावर तो ती दुरुस्त करणार नाही तर काय करणार? बिचाऱ्याने चांगलंच केलं होतं.

"गंमत म्हणजे," काका पंचपात्र पुसत म्हणाले, "जुन्या सेलांत अजून जीव होता म्हणतो केरू. दहांतला एकही मेलेला नाही. मी म्हटलं, असू दे, बाईंना काय ते माहीत."

हेमाने दहाही पडद्यांवर नजर फिरवली. तिने स्वतःला सावरलं. सॉफ्टवेअर अजून कुणी उघडलं नव्हतं, पडदे नुसते चालू होते. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. प्रत्येक संगणकाला चार टिचक्या, की तारीख मागे. ती पहिल्या संगणकाकडे झेपावली आणि माउसवर हात ठेवणार एवढ्यात काकांनी जवळजवळ ओरडून तिला थांबवलं.

"हां हां! हात नाही लावायचा!"

"काका, जरा एक सेटिंग..."

"अहो, मांडलेली पूजा आहे. हळदकुंकू वाहिलंय. आता आरती होऊन, नैवेद्य दाखवून, अक्षता टाकून हलवल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. तुमच्या घरी कोयता मांडल्यावर कोणी मधेच उचलतं का?"

नाही उचलत. हेमाच्या घरी काय, साऱ्या जिल्ह्यात नाही उचलत. तिला दुसरं काही सुचेना. एवढ्यात खाली जीप थांबल्याचा आवाज आला आणि पोरांचा लोंढा जिन्यावरून वर आला. नव्या कपड्यांतली, केसांना तेल लावलेली, हातात पाट्या. पाटीवर एकाचे आकडे मांडून काढलेली सरस्वती. त्यांच्यामागून खानविलकर साहेब आले, उंच, चष्मेवाले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"बाराला कंपनीत यंत्रपूजा आहे," ते म्हणाले. "त्याआधी मला परत पोचायला हवं."

"होणार, होणार," काका म्हणाले आणि त्यांनी पूजा सुरू केली.

माणसाला पूजा एवढी लांब वाटू नये. काका प्रत्येक मंत्र शुद्ध म्हणत होते. एक अक्षर गडबडलं तर मागे जाऊन पुन्हा म्हणत होते. हेमा भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. काका अक्षता टाकतील, पोरं धावतील, आणि दहा हात एकदम ते सॉफ्टवेअर उघडतील. वीजच बंद केली तर? खटका दाराजवळच होता. पण नवे सेल. पुन्हा चालू केलं की तारीख आपली जागच्या जागी. पोरांना आधीच सांगावं का, की उघडू नका? का म्हणून विचारतील. ऋजुता तर नक्की विचारील. आणि साहेब समोर बसलेले. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने ठरवलं, पूजा हलवल्याबरोबर म्हणायचं, थांबा पोरांनो, आधी मी दाखवते. एकेका संगणकापाशी जायचं, पडदा पाठीआड धरून तारीख मागे घ्यायची आणि मग पोराला बसवायचं. जमेल. जमायलाच पाहिजे.

आरती झाली. यज्ञेश आरती म्हणता म्हणताच आपल्या संगणकाकडे सरकत होता. काकांनी नैवेद्य दाखवला, चिमूटभर अक्षता दहाही यंत्रांवर टाकल्या आणि हात जोडले.

"हलवली. बसा रे पोरांनो!"

हेमाने तोंड उघडलं. त्याच वेळी खानविलकर साहेब तिच्याकडे वळले.

"बाई, एक विचारायचं होतं. हे सॉफ्टवेअर शाळेने रीतसर घेतलंय ना? कंपनीत पहिला प्रश्न मला तोच विचारतील."

आता इथे एक शब्द पुरला असता. थांबा. पण तो पोरांना म्हणायचा की साहेबांना उत्तर द्यायचं, या घोळात ती श्वासभर अडकली. आणि तिच्या तोंडून जे आलं ते हेच, "होय. म्हणजे, हो, शाळेचंच..."

टिक टिक, असा माउसचा आवाज झाला.

"बाई," यज्ञेश म्हणाला, "माझं काहीतरी वेगळंच आलंय."

त्याच्या पडद्याच्या मधोमध करडी चौकट आली होती. मुदत संपल्याची. खाली परवाना घ्या म्हणून लिहिलेलं, आणि त्याखाली फक्त एकच बटण, बंद करा. त्याने ते दाबलं, पुन्हा उघडलं. पुन्हा तीच चौकट. "माझी माकडं कुठे गेली?"

"कुणी हात लावू नका!"

हेमा एवढ्या जोरात ओरडली की काकांच्या हातातलं निरांजन लवंडलं. नऊ हात जागच्या जागी राहिले. आणि मग सगळे तिच्याकडे बघायला लागले.

इथेही खोटं सुचलं असतं. माणूस एकदा त्या वाटेला लागला की खोट्याला तोटा नसतो. केरूने काहीतरी बिघडवलं, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. ते तिच्या जिभेवर आलंसुद्धा. पण समोर काका होते, तेल सांडलेलं सोवळं धरून उभे, आणि त्यांच्या तोंडावर एवढी भीती होती की माझ्या हातून काही मोडलं की काय. ते बघून हेमाला स्वतःची लाज वाटली. नुसती नव्हे, रडू येईल एवढी.

"काका, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "बॅटरी गेलीच नव्हती."

मग तिने सगळं सांगितलं. फुकटचा एक महिना, रोजची सकाळ, वीस जून. साहेबांना म्हणाली, "आत्ता तुम्हाला सांगितलं तेही खोटं. शाळेने हे घेतलेलं नाही. शाळेला यातलं काही माहीतही नाही. हे माझं एकटीचं." बोलताना ती पोरांकडे बघत नव्हती.

काकांनी कनवटीला खोचलेली रुमालाची पुरचुंडी काढली. त्यात जुने सेल होते. त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसले. "जीव होता म्हणाला होता केरू," एवढंच म्हणाले.

खानविलकर साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कंपनीचा पैसा अशा कामाला निघणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग घड्याळ बघून म्हणाले, "बाकीचे नऊ अजून चालू आहेत ना? मग घ्या तारीख मागे. एवढ्या लांब आलोय तर दोन खेळ बघून जातो. मी काही ऐकलं नाही असं समजू. वर जाऊन पोरं हुशार आहेत म्हणून सांगीन. बघू काय होतं ते."

म्हणजे वाट अजून होती. हेमाने काकांकडे बघितलं. ज्या माणसाने जन्मात एक तिथी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "घ्या हो बाई मागे. पोरांची मेहनत आहे."

हेमा ऋजुताच्या संगणकापाशी गेली. ऋजुता खुर्चीत बसून होती. ती उठली नाही. तिने हात मांडीवर ठेवले होते आणि ती समोर पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होती.

"ऊठ जरा," हेमा म्हणाली.

"बाई, मी घरी सांगितलं होतं बॅटरीचं," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बाबा म्हणाले, दहांची एकदम जाणार नाही, काहीतरी वेगळं असेल. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आमच्या बाई कशाला खोटं सांगतील? दोन दिवस बोलले नव्हते मी बाबांशी."

हेमाच्या हाताखाली माउस होता. चार टिचक्या.

"आणि काकांनाही मीच सांगितलं," ऋजुता म्हणाली. "पुढच्या वर्षी आठवीतली पोरं येतील. त्यांना काय सांगायचं? बॅटरी गेल्येय म्हणून?"

यज्ञेश आपल्या बंद पडलेल्या पडद्यासमोर उभा होता. रोज वाढदिवस असलेला तो पोरगा एकाएकी मोठा झाल्यासारखा गप्प होता. हेमाने त्याच्याकडे बघितलं, मग हात माउसवरून काढला.

"उघड," ती ऋजुताला म्हणाली.

"बंद होईल ना?"

"होईल."

"मांजर?"

"ते आत आहे. तू केलेलं कुठे जात नाही. फक्त परवाना मिळेपर्यंत आपल्याला ते उघडता येणार नाही."

"कधी मिळेल?"

"माहीत नाही," हेमा म्हणाली. "मिळेल की नाही, तेही माहीत नाही."

ऋजुताने खालचा ओठ दातांत धरला आणि माउस दोनदा दाबला. करडी चौकट आली. ती बघत राहिली, रडली नाही. मग हेमाने बाकीच्यांना सांगितलं, तुमचा खेळ तुमचा आहे, तुम्ही ठरवा. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने उघडलं, मग दुसऱ्याने. दोघं रडत रडत, एक जण डोळे मिटून. दहाही पडद्यांवर तीच चौकट आली, आणि वर झेंडूच्या माळा. साहेब हात मागे बांधून त्या रांगेवरून चालत गेले. आपल्यासाठी मांडलेलं असलं प्रदर्शन त्यांनी कधी बघितलं नसेल.

ऋजुतापाशी ते थांबले. "काय होतं यात?"

ऋजुताने पाटी उचलली. पुढच्या बाजूला सरस्वती होती, म्हणून तिने ती उलटी केली आणि खडूने घर काढलं, पायऱ्या काढल्या, पाणी काढलं. पाणी कसं चढतं, काय आधी न्यायचं, काय मागे ठेवायचं. साहेब वाकून बघत होते.

"आणि मांजर वाचतं?"

"दर वेळी वाचतं."

"दर वेळी वाचलं तर त्यात खेळ कसला?"

"ते मी तसंच केलंय," ऋजुता म्हणाली. "बाकी काहीही बुडू दे."

साहेब सरळ उभे राहिले. त्यांनी घड्याळ बघितलं, काकांना नमस्कार केला आणि चहा न घेता जिना उतरले. जीप गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग दसरा होता म्हणून आपट्याची पानं वाटली गेली. पोरं एकेक करून पुढे आली, हेमाच्या हातात सोनं ठेवलं, पाया पडली. यज्ञेशसुद्धा आला. "बाई, आता वाढदिवस एकदम जूनमध्येच ना?" तो म्हणाला, आणि तिला धड हसताही येईना, धड रडताही. ऋजुता सगळ्यांत शेवटी होती. तिच्या मुठीत पान होतं. ती हेमासमोर आली, क्षणभर उभी राहिली, मूठ तशीच मिटलेली ठेवून वळली आणि निघून गेली. हेमाला साहेबांच्या जाण्याचं, स्वतःच्या नोकरीचं जेवढं लागलं नाही, तेवढं त्या मिटलेल्या मुठीचं लागलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

संस्थेच्या बैठकीत तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं गेलं. काढली मात्र नाही. त्या मानधनावर दुसरं कोण मिळणार होतं? भास्करकाका त्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी संगणकखोलीत येऊन नुसतेच बसले, आणि पोरांना टायपिंग करताना बघत राहिले. पोरं पुन्हा जांभया द्यायला लागली होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा लोट्याहून एक खोकं आलं. आत त्या सॉफ्टवेअरची पेटी होती, रीतसर, परवान्यासकट. दहा नव्हे, एक. बरोबर काही निरोप नव्हता. एक संगणक उघडा, बाकी नऊ बंद. हेमाने सगळ्यांचे खेळ त्या एकावर उतरवून घेतले, पाळ्या लावल्या, आणि पहिली पाळी यज्ञेशला दिली, कारण त्याचा खेळ आधी गेला होता. त्याची माकडं जशीच्या तशी बागेत होती. तो ओरडला तसे खालच्या वर्गातले गुरुजी वर धावत आले.

ऋजुताची पाळी शेवटी आली. ती न बोलता बसली, खेळ उघडला. पाणी चढायला लागलं. तिने देव नेले, पाटा राहिला, दप्तर राहिलं. मग तिने हाक मारली आणि कोपऱ्यातलं मांजर उठून आलं. हेमा तिच्यामागे उभी राहून बघत होती.

तास संपला. ऋजुताने कंपास पेटी उघडली आणि तिच्यातून आपट्याचं एक पान काढलं. दीड महिन्यात ते वाळून तपकिरी झालं होतं, एका कडेला तुटलंही होतं. तिने ते हेमाच्या टेबलावर ठेवलं.

"सोनं," ती म्हणाली, आणि वाकून पाया पडली.

अशा वेळी मोठ्यांनी काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, पण हेमाला ते म्हणता आलं नाही. तिने ते पान दोन्ही हातांत घेतलं. ऋजुता दप्तर उचलून वर्गाकडे पळाली. संगणक चालूच राहिला होता. पडद्यावर मांजर माळ्यावर शेपटी हलवत बसलं होतं, आणि कोपऱ्यात त्या दिवशीची तारीख होती.